खालाचं तिसरं कडवं

मी एकदा एका म्हातारीचं कडवं खाल्लं. भर मजलिशीत, वीस-पंचवीस बायकांच्या देखत खाल्लं, आणि वर ढेकर दिल्यासारखी इकडेतिकडे बघत बसले. मला वाटलं, मी म्हातारीची लाज राखली. आता साठीला टेकल्यावर सांगायला हरकत नाही: त्या दिवशी माझ्याएवढी मूर्ख बाई तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडली नसती.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. हे काही कोवळं वय नव्हे. दोन पोरं झाली होती, अक्कल यायला हरकत नव्हती. पण ती धुळ्याच्या स्टँडवरच राहून गेली असावी, कारण लग्न होऊन सुरतेला उतरले तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, एक गादी आणि आवाज एवढंच होतं. माहेर पिंजाऱ्याचं, म्हणून गादी चांगली होती. आवाजाबद्दल माझं मत त्याहून चांगलं होतं.

उधन्यात आमची एक खोली. मागची भिंत लूमच्या कारखान्याला लागून. दोन पाळ्यांत माग चालायचे, आणि आमचे हे त्यातल्याच एका पाळीत. त्या भिंतीतून येणारा आवाज कानाला यायचा तसा पायालाही यायचा. ताटातली डाळ थरथरायची. नवराबायकोचं प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडूनच व्हायचं, मग ते काय प्रेमाचं राहतं. पोर रडतंय की नुसतं तोंड उघडून बसलंय, हे जवळ जाऊन बघावं लागे. मी कधी एका जागी बसल्याचं मला आठवत नाही. दारात, मोरीत, गॅलरीत, पुन्हा दारात. सासू म्हणायची, हिला भोवरा गिळताना कुणी अडवलं नाही वाटतं.

शेजारच्या खोलीत खाला राहायची. माझी सख्खी मावशी नव्हे. सगळी गल्लीच तिला खाला म्हणे. नंदुरबारकडची, विधवा, माझ्यासारखीच घरात अहिराणी बोलणारी. साड्यांचे दोरे कापून ती पोट भरायची. भरतकामाच्या साडीच्या उलट्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरे लोंबत राहतात, ते कापायचे. दुपारी आम्ही चौघी तिच्याकडे आपापले गठ्ठे घेऊन बसायचो. हाक मारून ऐकू जात नसे, म्हणून खाला मधल्या भिंतीवर लाटण्याचे तीन ठोके द्यायची. ठोके पडले की मी भाकरी तव्यावर टाकूनही पळायची.

आणि तिथंच आमची तालीम व्हायची. आम्ही नातशरीफ म्हणायचो, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या स्तुतीची गाणी. (माझ्या घरातली नात वेगळी. ती शरीफ नाही.) मिलादच्या महिन्यात बायकांच्या मजलिशी भरतात, तिथं आमच्या टोळीला बोलावणं असायचं. टोळी पाच जणींची: खाला, मी, समोरच्या खोलीतल्या दोघी जावा आणि शिंप्याची बायको.

वाद्य नाही. ढोलक नाही, पेटी नाही, टाळीसुद्धा नाही. खालाचा नियम तर त्याहून कडक. हातात कैची असली आणि गाणं सुरू झालं की कैची आपोआप तालात वाजायला लागते, हाताला कळतही नाही. म्हणून सुरुवातीला खाला सांगायची, "कैच्या खाली." पाच कैच्या फरशीवर. मग माझा पाय हलायला लागायचा.

"तुना पाय बोलस," खाला म्हणायची, आणि साड्यांचा एक जाड गठ्ठा उचलून माझ्या पावलांवर ठेवायची. तशी दबून बसूनच मी सगळी तालीम करायची.

त्या दोघी जावा एकाच सुरावर 'आ' धरून बसायच्या. एकीचा श्वास संपायच्या आत दुसरीनं उचलायचं, मध्ये फट पडू द्यायची नाही. घरी एका चुलीवर त्यांचं एक दिवस पटलं नाही, पण त्या 'आ'त कधी फट पडली नाही. खाला त्याला पाया म्हणायची. पायावर शिंप्याची बायको आणि मी ओळी म्हणायचो, आणि पहिली ओळ उचलायची खालानं. पहिली ओळ म्हणजे सगळं. पेटी नसली की ती जिथं उचलली तिथंच सगळ्यांना राहावं लागतं. खालून उचलली तर वर जायला जागा मिळते. वरून उचलली तर पुढच्या कडव्यात डोकं छताला आपटतं.

खाला डोळे मिटायची, जरा थांबायची, आणि बरोबर खालून उचलायची. मला वाटायचं, यात काय एवढं?

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्याआधी शहरात दंगलीत जे झालं ते झाल्यापासून आमची टोळी अडीच वर्षं गल्लीबाहेर पडलेली नव्हती. मग एके दुपारी खालाकडे निरोप आला: नदीपलीकडच्या रांदेरहून बोलावणं आहे. तिथल्या एका जुन्या घरात मिलादची मजलिस, तुमच्या बायकांना घेऊन या.

खालानं कैची खाली ठेवली. शिंप्याच्या बायकोनं विचारलं, "काय गं खाला, लांब पडतं का?"

"लांब काय पडतं. बारा वर्षं रोज जात होते मी."

मग तिनं सांगितलं. नवरा गेल्यावर ती त्याच घरात भांडी घासायला होती. दर वर्षी मजलिस व्हायची. दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरायची, गाणाऱ्या बायका तिच्यावर बसायच्या, आणि खाला आत मोरीपाशी. घरच्या मोठ्या बाईला सगळे बडी बी म्हणत. एकदा खाला ऐकायला म्हणून दिवाणखान्याच्या दारापर्यंत आली, तर बडी बीनं हातानं खूण केली, आत जा. रागानं नव्हे, खाला म्हणाली. माशी हाकलावी तशी. त्या मजलिशीत ऐकलेलीच एक नातशरीफ खालानं भांडी घासता घासता पाठ केली आणि पुढं आम्हाला शिकवली. तिचं तिसरं कडवं उंच जायचं. ते खाला एकटी म्हणायची.

"त्या चादरीवर बसून ते तिसरं कडवं म्हणायचं," ती म्हणाली. "मग अल्लानं बोलावलं तरी चालेल. एवढंच."

पण तिची छाती त्या वर्षी बिघडली होती. साड्यांचे बारीक तंतू म्हणा, धूळ म्हणा, खोकला जात नव्हता. तिनं हिशेब केला: पहिली ओळ उचलण्यात जो दम जातो तो वाचवायचा, आणि सगळा तिसऱ्या कडव्यावर घालायचा. म्हणून सुरुवात माझ्याकडे आली.

"खालून उचल," तिनं मला बजावलं. "झोपलेल्या पोराशी बोलतात तशी. माले वर जागा ठेव."

"ठेवते गं," मी म्हणाले. माझ्या डोक्यात तोवर दुपट्ट्याचा रंगसुद्धा ठरला होता.

आता माझा दुसरा गुन्हा ऐका, पहिला त्यातूनच निघाला. आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, कारखान्यांची वीज बंद असे. त्या दिवशी माग थांबायचे आणि गल्लीत एकदम कानठळ्या बसल्यासारखी शांतता पडायची. खालानं मजलिशीआधीच्या बुधवारी मुद्दाम तालीम ठेवली. "रांदेरला माग नाहीत," ती म्हणाली. "शांततेत बसून बघू."

मी गेले नाही. लाटण्याचे तीन ठोके पडले, पुन्हा तीन पडले, तोवर मी पोरांना सासूकडे टाकून बाजाराच्या वाटेला लागले होते. मला जरीचा गोटा लावलेला हिरवा दुपट्टा हवा होता. तेव्हा महापालिका रस्ते रुंद करत होती. अर्धी दुकानं तोडलेली, उरलेली फळ्या टाकून चालू. मी मातीच्या ढिगांवरून उड्या मारत दुपारभर फिरले, तीन दुकानांत भांडले आणि हवा तो दुपट्टा घेऊनच आले. संध्याकाळी खाला म्हणाली, "आली नाहीस."

मी म्हणाले, "मी काय नवी आहे का खाला? मला सगळं येतं."

ती आणखी काही बोलली असती तरी मी ऐकलं नसतं.

रांदेरला आम्ही पाच जणी एका रिक्षात बसून गेलो. मांडीवर मांडी, पावसाचा पडदा बांधलेला, आणि पडद्याआड माझी अखंड बडबड. पुलावर खालानं पडदा जरा बाजूला केला आणि नदी बघितली. तिनं धुतलेली पांढरी ओढणी घेतली होती, आणि तिच्या बोटांना मेंदी होती. विधवा बाई, मेंदी कधी लावत नसे. शिंप्याच्या बायकोनं मला कोपर मारून ती दाखवली.

ते घर मी आजही डोळ्यांपुढं उभं करू शकते. जाड भिंती, उंच छत, एका बाजूला रंगूनहून आलेलं सागवानी कपाट, त्यात काचेची भांडी ओळीनं लावलेली. पांढरी चादर अंथरलेली. खाला दारात क्षणभर थबकली. मग चपला काढून सरळ चादरीच्या मधोमध जाऊन बसली. बडी बी आता खूप म्हातारी झालेली, खुर्चीत बसून होती. तिनं खालाला ओळखलं की नाही, कळलं नाही. तिनं मान हलवली, पण ती सगळ्यांकडे बघून तशीच हलवत होती.

मी डोळे मिटले. खालासारखी जरा थांबले. आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच ऐकू येत नाहीये.

कसं सांगू? उधन्याच्या खोलीत डोळे मिटले की पाठीमागून माग यायचा, आणि त्या मागाच्या घरघरीत एक सूर असायचाच. आम्ही सगळ्या त्याला पाठ टेकून गायचो. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की पाठीमागची भिंत कुणीतरी काढून घेतली आहे. घाबरले. आणि घाबरले की मी जे करते तेच केलं. ओरडले.

पहिली ओळ उचलली ती थेट वर. आणि आवाज? मागावरून पलीकडे पोचवायचा असतो तेवढा, चार हातांवर बसलेल्या बायकांना. पहिल्या रांगेतली एक बाई मागं सरकली. कपाटातल्या काचा किणकिणल्या. मी खोटं सांगत नाही. जावांनी जिवाच्या आकांतानं पाया वर ओढला. दुसऱ्या कडव्यात शिंप्याच्या बायकोचा आवाज कोंबड्यासारखा फुटला आणि तिनं ओढणीत तोंड लपवलं. खालानं माझ्याकडे बघितलं, हात चादरीपासून वीतभर उचलून खाली दाबला. खाली ये, खाली. मला वाटलं ती म्हणतेय, शाब्बास, सावकाश.

तिसरं कडवं आलं. खालानं मान वर केली, तोंड उघडलं, आणि पहिल्या शब्दाच्या जागी नुसता वारा निघाला. तिनं पुन्हा श्वास घेतला. खोकला आला. जावांचा 'आ' चालूच होता, वाट बघत.

माझ्या जागी कुणीही शहाणी बाई असती तर थांबली असती. जावांना खूण करून सूर खाली घेतला असता, खालाला पाण्याचा पेला दिला असता, आणि दोन श्वासांनी तिनं तिचं कडवं म्हटलं असतं. कुणाची घाई नव्हती. पण मला कुठली उसंत. मी ते कडवं उचललं आणि एकटीनं म्हटलं. पूर्ण, वरच्या वर, एक हरकत जास्तीची घालून.

बायका "सुब्हानल्लाह" म्हणाल्या. बडी बी खुर्चीत पुढं वाकली. "ये छोकरी कौन है? गला तो देखो इसका."

आणि मी लाजून हिरवा दुपट्टा सावरला. तो सावरलेला दुपट्टा आठवला की आजही मला स्वतःला एक चिमटा काढावासा वाटतो.

नंतर खाऊसा वाढला, नारळाच्या रसातला, वर तळलेल्या शेवया. मला दोनदा वाढला. खालाच्या ताटलीत तसाच राहिला. मी तिला म्हणाले, "खाला, तू काळजी करू नको, मी सांभाळून घेतलं." ती म्हणाली, "हं."

रिक्षात कुणी बोलत नव्हतं. मी बोलत होते. पुलावर पोचल्यावर मी गप्प झाले, कारण शिंप्याची बायको, जी कशालाही हसायची, ती हसत नव्हती. खालानं मेंदीचे हात ओढणीखाली घेतले होते.

त्यानंतर भिंतीवर ठोके पडेनात.

दुपार झाली की मी भिंतीकडे बघायची. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. दोघी जावा गठ्ठे घेऊन तिच्याकडे जाताना दिसायच्या. माझ्या दाराशी आल्या की पावलं भरभर. मागाच्या आवाजात भिंतीला कान लावून काही कळत नसे, तरी मी लावायची. कानाला चुना लागायचा. मी काय काय केलं नाही. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, जणू दुखणं माझ्या घशात होतं. वाटीभर शेवया करून खालाच्या दारापर्यंत नेल्या आणि परत आणून आम्हीच खाल्ल्या. भाकरी करपली, पोराच्या दोन्ही पायांत वेगवेगळे मोजे घातले, साडीचा दोरा कापता कापता साडीच कापली. सासू म्हणाली, "एकदा जाऊन पाय धर, नाहीतर आमचे तरी सोड."

शेवटी मी नवऱ्याला सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून. तो पाळीवरून आला होता आणि त्याचे कान तासभर बंदच असायचे. त्यानं जेवता जेवता सगळं ऐकलं.

"तू मागावर गातेस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माग चालू असला की बरोबर गातेस. बंद असला की आरडतेस. बुधवारी तू झोपेतसुद्धा आरडतेस. मला वाटलं तुला माहीत असेल."

सहा वर्षांच्या संसारात त्यानं हे मला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, कधी सांगणार, सहा दिवस तुला ऐकू जात नाही आणि सातव्या दिवशी तू बोलत असतेस.

बुधवारची वाट बघितली. माग थांबले, गल्ली शांत झाली. पोरांसकट सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि खोलीच्या मधोमध बसून ती पहिली ओळ म्हटली. शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. पुन्हा म्हटली, हळू; तरी वरच गेली. झोपलेल्या पोराशी बोलतात तशी, खाला म्हणाली होती. मी प्रयत्न करत राहिले. पंधरावीस वेळा म्हटली असेल. शेवटी एकदा ओळ खालून निघाली, आणि तिच्यावर किती मोकळी जागा आहे ते मला ऐकू आलं. तिसरं कडवं मावेल, खोकला आला तरी मावेल, एवढी. मग मी बसून रडले. तेही हळूच; शांततेत सगळं ऐकू जातं, एवढं आता कळलं होतं.

एक सांगून ठेवते. बडी बी त्याच थंडीत वारली आणि ते घर पुढं भावाभावांत वाटलं गेलं. त्या चादरीवर खालाला पुन्हा बसायला मिळालं नाही. मी खालून उचलायला शिकले ते तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. पण हे त्या बुधवारी आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

डोळे पुसून मी तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. एकटी बसून दोरे कापत होती. शांततेत कैचीचा आवाज स्वच्छ यायचा. मेंदी नखांवर तेवढी उरली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले; आत जाऊ की नको, पाय ठरत नव्हता.

"भिंतीतून ऐकू आलं का?" मी विचारलं.

"कबुतरांनाबी आलं."

"खाला, तुझं कडवं मी..."

तिच्यासारखाच माझ्या तोंडातून नुसता वारा निघाला. खालानं कापलेल्या दोऱ्यांचा गोळा करून बाजूला टाकला, खोकली, आणि माझ्या पावलांकडे बघत म्हणाली:

"खाल्लंस ते खाल्लंस, ते काही परत येत नाही. पण त्या घरात बारा वर्षं मी भांडं खाली ठेवताना आवाज होऊ दिला नव्हता, आणि तू त्यांच्या कपाटातल्या काचा वाजवल्यास. तेवढं माले आवडलं. आता पहिली ओळ मीच उचलणार, आवाज निघो का न निघो, तू जावांच्या मागं बसून पाया धरायचा. ये, बस. आणि तो गठ्ठा घे पायावर."